उत्तरेचा गारठा येताना अंदाजातील आकडा आपल्या बागेसाठी कसा वाचावा

प्रश्न निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराचा आहे. ‘पुढील तीन दिवसांत उत्तर मध्य महाराष्ट्रातील किमान तापमानात ३ ते ५ अंशांनी घट होण्याची शक्यता’ असे प्रादेशिक हवामान अंदाजात म्हटले आहे. मोबाइलवरील एका ॲपमध्ये परवाच्या पहाटेसाठी ११ अंश दिसतात, तर दुसऱ्यामध्ये ७. थंडीची लाट खरोखर येणार आहे का, ती किती दिवस टिकेल आणि मणी फुगवणीच्या अवस्थेतील बागेसाठी नेमक्या कोणत्या रात्री तयारी ठेवावी, असे त्यांनी विचारले आहे. हवामान अंदाज आणि कृषी सल्ला या दोन्ही कामांत माझा बराच काळ गेला असल्याने हा प्रश्न मला दर हिवाळ्यात या ना त्या रूपात भेटतो, आणि त्याचे उत्तर एका आकड्यात देणे मला योग्य वाटत नाही.

आधी मुद्द्याचे सांगतो. अंदाजात लिहिलेली घट बहुतेक वेळा होते आणि तिची वेळही साधारण बरोबर ठरते. परंतु बागेला सर्वांत जास्त बाधणारी पहाट ही उत्तरेचा वारा अंगाला झोंबतो त्या पहिल्या दिवसाची सहसा नसते. वारा पडल्यानंतरची दुसरी किंवा तिसरी रात्र, ज्या रात्री आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, ती खरी जपण्याची रात्र होय. तसेच अंदाजातील अंश हे नाशिक, जळगाव, मालेगाव यांसारख्या नोंदकेंद्रांचे असतात. ते तुमच्या प्लॉटचे अंश करण्यासाठी तुमच्या जागेचा स्वभाव तुम्हालाच मोजून ठेवावा लागतो. या दोन गोष्टी कशा घडतात ते नीट समजले, तर ॲपमधील ७ आणि ११ यांचा गोंधळही सुटतो.

युरोपात किंवा अमेरिकेत शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, येते तेव्हा ढगांची आणि पावसाची एक ठळक रेषा पुढे सरकते आणि ती डोक्यावरून गेली की काही तासांत पारा कोसळतो. महाराष्ट्रात असे क्वचितच घडते. आपल्याकडील हिवाळी थंडीचे सूत्र पश्चिमी झंझावातांच्या हाती असते. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणारे हे कमी दाबाचे पट्टे, सुमारे १० ते १२ किलोमीटर उंचीवरून वाहणाऱ्या वेगवान पश्चिमी झोतवाऱ्याच्या आधाराने इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडपर्यंत येतात. हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार ते सहा झंझावात येतात. त्यांतले काही नुसते ढग दाखवून जातात, तर काही पर्वतावर भरपूर बर्फ टाकतात. निफाडला पोहोचेपर्यंत त्यांच्याजवळ पाऊस उरलेला नसतो. आपल्या वाट्याला येतो तो त्यांच्या पाठीमागून घुसणारा कोरडा, थंड वारा.

सायबेरियातून थेट वारे येऊन महाराष्ट्र गारठला, असे वारंवार लिहिले जाते, आणि ते बरोबर नाही. जमिनीलगतची सायबेरियन हवा हिमालय आणि तिबेटचे पठार अडवून धरतात. आपल्याकडे येणारी थंड हवा वायव्येकडून, म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूने शिरते आणि पंजाब, हरियाणा व राजस्थानच्या लांब, कोरड्या रात्रींत आणखी थंड होते. झंझावात पूर्वेकडे सरकला की तेथे हवेचा दाब वाढतो आणि ती हवा दक्षिणेकडे वाहू लागते. पश्चिम राजस्थान, माळवा आणि गुजरातचा पूर्व भाग ओलांडून ती तापीच्या खोऱ्यात उतरते, खानदेश व्यापते आणि मग सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा ओलांडून नाशिक, अहिल्यानगर व मराठवाड्याच्या पठारावर पसरते. विदर्भाला ही हवा मध्य प्रदेशातून मिळते, म्हणून नागपूर आणि गोंदिया पुष्कळदा पुण्याच्या आधी गारठतात.

या क्रमामुळे बागायतदाराला दोन दिवस आधीच एक चांगली खूण मिळते. झंझावात अजून पश्चिमेला असतो तेव्हा त्याच्या पुढे वारे दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून वाहतात, उंच पातळ ढग येतात आणि पहाटेचा पारा दोन-तीन अंशांनी चढतो. थंडी संपली असे अनेकांना तेव्हाच वाटते, आणि नेमकी त्याच वेळी पुढच्या गारठ्याची तयारी वर चाललेली असते. त्यानंतर राजस्थानातील श्रीगंगानगर, चुरू येथील किमान तापमान उतरू लागले, दुसऱ्या दिवशी इंदूर-उज्जैनचे उतरले आणि मग धुळे-जळगावचे उतरले, तर निफाडची पाळी एका दिवसावर आली असे समजावे. हे सर्व आकडे भारतीय हवामान विभाग रोज प्रसिद्ध करतो. सकाळी ८.३० वाजता घेतलेल्या नोंदीतील किमान तापमान हे आधीच्या चोवीस तासांतील सर्वांत कमी तापमान असते, एवढे लक्षात ठेवून ही साखळी पाहिली, तर कोणत्याही ॲपपेक्षा ती अधिक विश्वासाने सांगते की गारठा वाटेत आहे की वाटेतच विरला.

आता रात्रीचा हिशोब पाहू, कारण खरे नुकसान तेथेच होते. वारा वाहत असतो तोवर तो जमिनीलगतची थंड हवा आणि वरची थोडी उबदार हवा एकमेकींत मिसळत राहतो. माणसाला अशा वेळी हुडहुडी भरते, पण पारा त्या मानाने फार खाली जात नाही. एक-दोन दिवसांनी उच्च दाबाचा प्रभाव आपल्या डोक्यावर येतो आणि वारा संध्याकाळीच पडतो. तेव्हा जमीन दिवसभराची उष्णता उघड्या आकाशाकडे फेकू लागते, तिला लागून असलेली हवा थंड होते आणि जड असल्यामुळे तेथेच साचून राहते. काही दहा-वीस मीटर वर गेल्यास हवा अधिक उबदार सापडते. या उलट्या थरामुळेच पहाटे चुलीचा धूर सरळ वर न जाता गावावर आडवा पसरलेला दिसतो. थंड हवा उत्तरेने आणून दिली, हे खरे. परंतु त्यानंतरचे शेवटचे चार-पाच अंश आपल्याच जमिनीने, आपल्याच आकाशाखाली गमावलेले असतात.

ते किती गमावले जातील, हे हवेतील ओलावा ठरवतो. संध्याकाळी ६ वाजता तापमान २४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे १६ अंशांवर असतो. रात्री हवा तेवढी थंड झाली की दव पडू लागते, दव पडताना उष्णता बाहेर टाकली जाते आणि पाऱ्याची घसरण मंदावते. अशा पहाटे धुई दाटते, पण फार कडाका पडत नाही. त्याच २४ अंशांना आर्द्रता फक्त ३० टक्के असेल, तर दवबिंदू ५ अंशांच्या जवळ असतो आणि पाऱ्याला तेथपर्यंत उतरायला कोणताही अडथळा राहत नाही. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे साधे उपकरण आज सहज मिळते. संध्याकाळची ही एक नोंद, निरभ्र आकाश आणि पडलेला वारा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की पहाटेचा अंदाज तुम्ही स्वतः बऱ्यापैकी बांधू शकता. यासाठीच ‘परवा पहाटे ७ की ११’ या प्रश्नाचे माझे खरे उत्तर उद्या संध्याकाळी अधिक पक्के होते, आणि उद्या संध्याकाळी ते पक्के करण्याचे साधन तुमच्याच हातात असते.

जागेचा परिणाम किती मोठा असतो, हे महाबळेश्वरच्या उदाहरणावरून चांगले कळते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील या गावाचे किमान तापमान हिवाळ्यात अनेकदा पुणे किंवा नाशिकपेक्षा जास्त असते, कारण डोंगरमाथ्यावर जड हवा साचत नाही, ती उतारावरून खाली जाते. त्याच वेळी वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात पहाटे दव गोठून पांढरे हिमकण दिसतात. गाव एकच, अंतर थोडेसे, आणि तापमानात कित्येक अंशांचा फरक. निफाडची गोष्ट याच जातीची आहे. गोदावरी आणि कादवा नांदूरमधमेश्वरजवळ एकत्र येतात, त्यांच्या भोवतीचा प्रदेश सपाट आणि खोलगट आहे, आणि आजूबाजूच्या चढावरची थंड हवा रात्रभर हळूहळू त्या बाजूला सरकत असते. कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्राची नोंद नाशिक शहरापेक्षा खाली का असते, याचे मोठे कारण हेच आहे. शहराच्या सिमेंट-डांबराने दिवसभर साठवलेली उष्णता हे दुसरे. तालुक्यातही नदीकाठच्या खोलगट काळ्या जमिनीतील बाग आणि माळावरची बाग यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

दोन ॲपमधील तफावतीचे मूळही येथेच आहे. हवामानाचा अंदाज काढणारे संगणकीय प्रारूप जमिनीचे चौकोन करून प्रत्येक चौकोनाला एक तापमान देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम हा चौकोन ६ किलोमीटरपर्यंत लहान करते. आधीच्या १२ किलोमीटरच्या तुलनेत ही मोठी प्रगती आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण ६ किलोमीटरमध्येही कादवेचा काठ आणि शेजारचा माळ एकाच चौकोनात मावतात. परदेशी प्रारूपांवर चालणारी अनेक ॲप याहून मोठे चौकोन वापरतात आणि शांत रात्रीचा उलटा थर त्यांना नीट पकडता येत नाही, म्हणून निरभ्र रात्री ती बहुधा जास्त तापमान दाखवतात. तेव्हा ११ आणि ७ यांची सरासरी काढून ९ धरणे चुकीचे आहे. वारा पडणार असेल तर ७ च्या बाजूला झुकावे, रात्रभर वारा राहणार असेल किंवा ढग असतील तर ११ च्या बाजूला.

यासाठी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. बागेच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यात, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, थेट आकाश आणि ऊन लागणार नाही अशा हवेशीर आडोशात एक किमान तापमापक लावा आणि रोज सकाळी त्याची नोंद करा. शेजारी त्याच दिवशीचे नाशिकचे अधिकृत किमान तापमान लिहा. निरभ्र, शांत रात्रींची नोंद वेगळी आणि ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्रींची वेगळी ठेवा. दोन-तीन आठवड्यांत एक स्थिर फरक दिसू लागतो, आणि एकदा तो कळला की प्रादेशिक अंदाजातील आकड्यातून तो वजा करून तुम्हाला स्वतःच्या प्लॉटचा आकडा मिळतो. जमिनीलगतच्या गवतावरचे तापमान याहूनही काही अंश खाली असते, हे भाजीपाला आणि रोपवाटिका करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. मांडवावरच्या द्राक्षाला त्याचा जाच थोडा कमी होतो.

‘थंडीची लाट’ या घोषणेबद्दलही थोडे सांगायला हवे. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर लाट, त्याहून अधिक घट असेल तर तीव्र लाट मानली जाते. किमान तापमान ४ अंशांपर्यंत उतरले तर सरासरी न पाहताही लाट, आणि २ अंशांपर्यंत उतरले तर तीव्र लाट धरतात. शिवाय ही स्थिती त्या हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असावी लागते. किनारपट्टीसाठी मर्यादा १५ अंशांची आहे. डिसेंबरअखेर नाशिकची सरासरी १० अंशांच्या आसपास असते, म्हणजे तेथे ७ अंश नोंदले तरी ती नियमाने लाट ठरत नाही. नागपूरची सरासरी १२-१३ अंश असल्याने तेथे ८ अंश लाटेच्या उंबरठ्यावर येतात. म्हणून ‘लाटेचा इशारा नाही’ याचा अर्थ ‘बागेला धोका नाही’ असा घेऊ नये. द्राक्षवेलीला सरासरीशी देणेघेणे नसते, तिला प्रत्यक्ष अंश आणि ते किती तास टिकले हे कळते. त्याचप्रमाणे ‘३ ते ५ अंशांनी घट’ ही सरासरीच्या तुलनेत नसून आजच्या तापमानाच्या तुलनेत असते. आज ढगांमुळे १५ अंश असतील, तर पाच अंशांच्या घटीनंतरही १० उरतात. आज १० असतील तर तीच घट ५ वर आणते.

आपल्या भागात पारा किती खाली जाऊ शकतो, याची कल्पना जुन्या नोंदींवरून येते. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंश, नाशिकमध्ये जानेवारी १९४५ मध्ये ०.६ अंश, मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश आणि नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले. सरासरी तापमान वाढत असले तरी तीव्र गारठ्याच्या पहाटा संपलेल्या नाहीत, हे नागपूरची नोंद सांगते.

गारठा किती दिवस टिकेल, हे पुढचा झंझावात आणि पूर्वेचा ओलावा यांवर अवलंबून आहे. साधारणपणे तीन ते पाच दिवसांनी पुढचा झंझावात जवळ येतो आणि वारे पुन्हा दक्षिणेचे होतात. बंगालच्या उपसागरातील एखादी कमी दाबाची प्रणाली तर थंडी एका दिवसात मोडू शकते. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा त्याचा ओलावा महाराष्ट्रापर्यंत पोहोचला, आकाश भरले आणि नोव्हेंबरअखेरचा चांगला गारठा डिसेंबरच्या सुरुवातीलाच नाहीसा झाला. त्यामुळे पाच दिवसांपर्यंतच्या अंदाजावर कामाचे नियोजन करावे, दर गुरुवारी निघणाऱ्या चार आठवड्यांच्या विस्तारित अंदाजातून फक्त कल समजून घ्यावा, आणि मंगळवार व शुक्रवारच्या कृषी हवामान सल्ल्यात आपल्या जिल्ह्यासाठी काय लिहिले आहे ते पाहावे. ‘ला निना (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याची स्थिती) असल्यामुळे यंदा कडाका’ यासारख्या हंगामी विधानांवरून एका आठवड्याचे काम ठरवू नये.

बागेतील तयारी. मणी फुगवणीच्या काळात पारा सलग काही दिवस एकेरी आकड्यात राहिला की मुळांचे आणि पानांचे काम मंदावते आणि फुगवण रखडते. मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागण्याच्या सुमारास थंड रात्र आणि उबदार दिवस यांतील तफावत मोठी झाली, तर पांढऱ्या जातींमध्ये पिंक बेरी, म्हणजे मणी गुलाबी पडण्याची विकृती, दिसू लागते. त्यावर घडांना कागद लावण्याचा उपाय तुमच्या भागात रुळलेला आहे. तो पाणी उतरण्याआधी करावा लागतो, गुलाबी मणी दिसल्यावर कागद लावून उपयोग होत नाही.

जमीन ओली ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश वर देते, आणि विहिरीचे पाणी थंडीतही हवेपेक्षा बरेच उबदार असते. म्हणून वारा पडण्याच्या आदल्या दिवशी दुपारी पाणी द्यावे आणि शक्य असल्यास पहाटेच्या आधी ठिबक पुन्हा चालवावे; वीज रात्री कोणत्या पाळीत मिळते यावर बरेच अवलंबून आहे, हे मला माहीत आहे, तरी दुपारचे पाणी चुकवू नये. त्या दोन-तीन दिवसांत ओळींमधील जमीन नांगरू किंवा भुसभुशीत करू नये, आणि दाट तण किंवा जाड आच्छादन असेल तर ते जमिनीतील ऊब वर येऊ देत नाही, हेही ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यात उपकारक असणारे आच्छादन अशा रात्री मांडवाखालील हवा अधिक थंड करते.

शेकोट्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बागेला वाचवतो तो धूर नव्हे. जमिनीतून निघणारी उष्णता अडवण्याइतके धुराचे कण मोठे नसतात. ओला पाला जाळून केलेला दाट धूर डोळ्यांना दिसतो, पण पाऱ्यात फारसा फरक करत नाही, आणि सकाळी ऊन रोखून धरून बाग उबदार होण्यास उशीर करतो. उपयोग होतो तो विस्तवाच्या उष्णतेचा आणि त्यामुळे हवा ढवळण्याचा. त्यामुळे एका कडेला मोठा जाळ करण्याऐवजी सर्व बागेत लहान लहान, कोरड्या लाकडाच्या शेकोट्या ठेवाव्यात. मोठ्या जाळाची गरम हवा उलटा थर भेदून वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा आत ओढली जाते. तापमापक धोक्याच्या अंशापर्यंत येण्याच्या तासभर आधी त्या पेटवाव्यात आणि सूर्य वर येईपर्यंत जागत्या ठेवाव्यात, कारण किमान तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते, मध्यरात्री नव्हे. गव्हाला आणि हरभऱ्याला हाच गारठा मानवतो, तेव्हा शेजारच्या शेतात हे सर्व करण्याची गरज नाही.

गारठ्याच्या दिवसांत भुरी या बुरशीजन्य रोगाकडे लक्ष ठेवा. भुरीला पानावर पाणी लागत नाही, आणि रात्रीच्या थंडीनंतर २५ ते २८ अंशांचा कोरडा दिवस तिला पोषक ठरतो. मांडवाच्या आतील, सावलीतील घड रोज पाहावेत. मात्र पूर्वेचे वारे सुरू होऊन आकाश भरले आणि पहाटेचा पारा अचानक चढला, तर शेकोट्यांचे सरपण बाजूला ठेवून लगेच पुढच्या दोन दिवसांचा पावसाचा आणि गारपिटीचा अंदाज पाहा. वरून पश्चिमी झंझावाताची थंड हवा आणि खालून समुद्राचा ओलावा यांची गाठ पडते तेव्हा २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड, चांदवड आणि दिंडोरीच्या बागांवर पडल्या तशा गारा पडू शकतात, आणि पाऊस थांबल्यावर पाने ओली राहिली तर डावणी या ओलाव्यात वाढणाऱ्या रोगावरील फवारणीला त्याच दिवशी वेळ काढावा लागतो.